कडू कसावा आणि दोन तासांचे ऊन

उपासाच्या दिवशी तुमच्या ताटात येणारा साबुदाणा कोणत्या झाडाचा, असे विचारले तर पुष्कळजण ताडासारख्या सागो वृक्षाचे नाव सांगतील. साबुदाण्याचे नाव तिकडूनच आले हे खरे; पण आपल्या देशातला साबुदाणा होतो तो मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या आसपास, आणि कसावा नावाच्या झुडपाच्या मुळांपासून. या मुळांत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. दचकू नका! साबुदाणा होईपर्यंत ते धुऊन गेलेले असते.

‘निसर्गाने दिले तसेच खावे, प्रक्रिया केली की अन्नाचे सत्त्व जाते,’ असे हल्ली फार ऐकू येते. माझ्या मते हे विधान अर्धेच खरे आहे आणि कसाव्याच्या बाबतीत तर ते जिवावर बेतणारे आहे.

कसाव्याच्या पेशीत लिनामरिन एका कप्प्यात असते आणि त्याचे विघटन करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीभित्तीत असते. मूळ किसले की दोघांची गाठ पडते आणि शेवटी हायड्रोजन सायनाइड मोकळे होते. याचा उत्कलनबिंदू सुमारे २६ अंश सेल्सियस! म्हणजे हे विष पळून जायला टपलेलेच असते. आपण फक्त वाट करून द्यायची. उलट मोठाले तुकडे एकदम उकळत्या पाण्यात टाकले तर? विकर निकामी होते आणि बरेचसे लिनामरिन तुकड्यांतच अडकून राहते. ‘भरपूर उकळले म्हणजे निर्धोक’ हा आपला नेहमीचा नियम येथे पुरा पडत नाही.

दक्षिण अमेरिकेतील आदिवासींनी हे रसायनशास्त्र न शिकताच ओळखले होते. किसलेला कसावा ते तिपिती नावाच्या लांबट, विणलेल्या नळीत भरतात. नळी वर टांगून खालून ओढली की ती लांब होते, अरुंद होते आणि आतला लगदा पिळला जाऊन विषारी रस गळतो. खाली वजन बांधले की काम आपोआप होते. वर्गात दाखवावे असे हे यंत्र आहे. नायजेरियातल्या बायका किसलेला लगदा पोत्यात भरून, दाबाखाली काही दिवस आंबवून, मग तव्यावर भाजून ‘गारी’ करतात.

हा वेळ वाचवला की काय होते ते १९८१ साली मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दिसले. दुष्काळात कडू कसावाच तेवढा तगला होता. तोही पाण्याअभावी जास्तच विषारी झालेला. भुकेल्या माणसांना मुळे पुरेशी वाळेपर्यंत थांबणे शक्य नव्हते. हजाराहून अधिक माणसांचे पाय अचानक ताठरले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. तपास करणाऱ्यांत हान्स रोसलिंग हे स्वीडिश डॉक्टर होते. काँगोमध्ये या रोगाला ‘कोंझो’ म्हणतात.

आता पोषणाचा धागा पाहा. शरीर थोडे सायनाइड निकामी करू शकते, पण त्यासाठी गंधक लागते आणि ते प्रथिनांतून मिळते. ज्याच्या पानात डाळ, मासळी काही नाही, फक्त कसावाच आहे, त्याच्यापाशी हे गंधक अपुरे पडते. धुण्यात विषाबरोबर मुळातली थोडीशी प्रथिने आणि जीवनसत्त्वेही जातात, हेही कबूल केले पाहिजे. आपला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीत दाण्याचे कूट घालणारी आपली आजी मला म्हणूनच शहाणी वाटते.

‘मग गोड जातीचाच कसावा लावा की!’ असे तुम्ही म्हणाल. सल्ला सोपा आहे, पण उंदीर, डुकरे आणि माकडे कडू कसाव्याच्या वाटेला कमी जातात, म्हणून शेतकरी मुद्दाम तो लावतो. ‘मुळे आणखी चार दिवस भिजवा’ हा सल्लाही घरात आज खायला काही नसेल तेव्हा कोण पाळणार? उपाय असा हवा की जो भुकेल्या घरात त्याच दिवशी करता येईल.

असा एक उपाय ऑस्ट्रेलियातील हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी सुचवला. कसाव्याचे पीठ पाण्यात कालवायचे, चटईवर सेंटिमीटरभराहून पातळ थर द्यायचा आणि उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास ठेवायचा. पिठात उरलेले विकर ओलाव्याने पुन्हा कामाला लागते. थर पातळच का, ते तुम्ही आता सांगू शकाल: खोलवरच्या वायूला बाहेर यायला वाट हवी. इतक्याने सायनाइड तिपटी-सहापटीने कमी होते. आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे किलोमागे १० मिलिग्रॅम.

काँगोच्या पोपोकाबाका भागातील एका गावात २०१० साली ही रीत स्त्रियांना शिकवली गेली. त्या प्रयोगाच्या काळात गावात कोंझोचा एकही नवा रोगी झाला नाही. आधीच्यांचे पाय मात्र तसेच राहिले; हा रोग बरा होत नाही.