आहे की नाही?

परवा रात्री भाच्याचा फोन. "मामा, पिशवीत चावी आहे, तरी दार उघडत नाहीये!" स्वारी रोब्लॉक्सवर गेम बनवतेय. दिवाळीची अख्खी सुट्टी त्यात गेली, दुसऱ्या दिवशी मित्रांना दाखवायचा होता. आवाज अगदी रडवेला.

रोब्लॉक्सची भाषा लुआऊ, म्हणजे १९९३ साली ब्राझीलमध्ये जन्मलेल्या लुआची लेक. या भाषांत यादी म्हणा, कोश म्हणा, सगळं एकाच टेबलात ठेवायचं. टेबल म्हणजे खणांचं कपाट. 'अमुक खणात काय आहे?' विचारलं की उत्तर झटक्यात मिळतं. 'अमुक वस्तू कुठल्यातरी खणात आहे का?' हा मात्र वेगळा प्रश्न! भाच्याने वस्तू ओळीने ठेवल्या होत्या. पहिल्या खणात तलवार, दुसऱ्यात चावी. आणि विचारत होता, 'चावी' नावाच्या खणात काय आहे? असा खणच नाही. उत्तर आलं निल, आणि दार बंद.

गंमत म्हणजे ती ओळ माझीच होती. मागे खेळाडूंच्या गुणांसाठी मी त्याला तयार लिहून पाठवली होती. तिथे खणांवर नावं होती, म्हणून ती चालली. का चालली, हे सांगायचा मी कंटाळा केला होता.

या वेळीही 'टेबल डॉट फाइंड वापर' म्हणून फोन ठेवता आला असता. ते एकेक खण उघडून बघतं, दहा वस्तूंना पुरतं. पण जे सतत विचारायचं, त्याचं नाव खणावरच असावं, असं माझं मत. 'चावी' नावाचा खण, आत ट्रू. चावी वापरली की तिथे निल. शोधाशोधच नको.

मग तोच म्हणाला, "औषधाच्या बाटल्या तीन असल्या तर?" तर ट्रूऐवजी आकडा. फक्त लुआत शून्यही 'हो'च धरतात, म्हणून 'शून्याहून जास्त आहे का' असं विचारायचं.

मूळ लुआत वस्तू शोधायचं तयार फंक्शन नाही, म्हणून पुष्कळजण तिला नावं ठेवतात. मला ते बरंच वाटतं. निदान आपण नेमकं काय विचारतोय, याचा विचार तरी करावा लागतो.

असो. अकरा वाजता दार उघडलं. या वेळी ओळ त्याने स्वतः लिहिली होती.