टूथपेस्टची पारख

‘दांत आहेत तर चणे नाहींत, आणि चणे आहेत तर दांत नाहींत,’ असें म्हणून आपण दैवाच्या उफराट्या न्यायास बोल लावतों. परंतु दांत जातात त्यांत दैवाचा भाग थोडा व आपल्या अज्ञानाचा फार, असें मला वाटतें.

माझी आजी लांकडी कोळशाची पूड बोटावर घेऊन दांत घांशीत असे. दांत लखलखीत दिसत, आणि तिला त्याचा अभिमानहि होता. पन्नाशीच्या सुमारास मात्र थंड पाण्याचा घोट घेतला कीं तिच्या मस्तकांत कळ जाई. पुढें तिनें उन्हाळ्यांतहि माठाचें पाणी सोडलें. ती खरखरीत पूड मळाबरोबर दांतांचें कवचहि झिजवीत होती, हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. आज तोच कोळसा सुबक नळींत भरून भारी किंमतीस विकावयास आला आहे, आणि आपल्या शाळेंतील कांहीं मुलें तो कौतुकानें आणवितात. म्हणून हे चार शब्द लिहिण्याचें योजिलें.

दांताच्या या कवचास दंतवल्क म्हणतात. दंतवैद्य त्यालाच इनॅमल म्हणतात. आपल्या शरीरांत याहून कठीण पदार्थ नाहीं. वजनानें पाहिल्यास त्याचा सुमारें ९६ टक्के भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांचा असतो. तथापि या वज्रकवचांत एक मोठी उणीव आहे. हाड मोडलें तर सांधतें, कातडें फाटलें तर भरून येतें. दंतवल्क झिजून गेलें कीं पुन्हां उगवत नाहीं, कारण तें घडविणाऱ्या पेशी दांत हिरडीबाहेर येतांच नाहींशा होतात. आपण गोड खातों तेव्हां तोंडांतील जंतु साखरेचें आम्ल बनवितात, व तें आम्ल कवचांतील खनिजें विरघळवितें. लाळ त्यांपैकीं कांहीं खनिजें परत आणून बसविते. या कामीं लाळेस साहाय्य करणारें, आणि कवच आम्लास सहसा दाद देणार नाहीं असें बळकट करणारें द्रव्य म्हणजे फ्लोराइड होय.

त्याच्या शोधाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेंतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें १९०१ सालीं फ्रेडरिक मॅके नांवाचा तरुण दंतवैद्य गेला. तेथील अनेक मुलांच्या दांतांवर तपकिरी डाग दिसत, पण ते दांत सहसा किडत नसत. या कोड्याचें उत्तर १९३१ सालीं मिळालें: तेथील पाण्यांत फ्लोराइड फार होतें. अति झालें तर डाग, बेतानें मिळालें तर रक्षण, असा हा न्याय आहे. आपल्या महाराष्ट्रांतहि चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक आढळतें. तेथील पालकांनीं लहान मुलांची पेस्ट दंतवैद्यास विचारूनच घ्यावी.

तर मग निवड कशी करावी? माझें स्पष्ट मत असें कीं रंग, फेंस, सुगंध आणि जाहिरातींतील हंसरा चेहरा यांपैकीं एकहि साक्षीदार विश्वासास पात्र नाहीं. नळीच्या टोंकाच्या रंगीत पट्टीवरून पेस्ट कशाची केली तें ओळखतां येतें, हाहि भ्रम आहे. नळी कोठें कापावी हें यंत्रास दाखविणारी ती खूण होय. वाचावयाच्या त्या मागील बारीक अक्षरांच्या ओळी. फ्लोराइड आहे काय, व असल्यास किती, तें पाहावें. आपल्या देशांतील नियमाप्रमाणें पेस्टमध्यें तें १००० पीपीएमहून, म्हणजे दहा लक्ष भागांत एक हजार भागांहून, अधिक असूं नये, आणि त्याचें प्रमाण व मुदतीची तारीख नळीवर छापलेली असली पाहिजे. झटपट शुभ्रतेचें वचन देणाऱ्या पेस्टपासून सावध राहावें. पुष्कळदां ती शुभ्रता घर्षणाची असते. फ्लोराइड सारखें असेल तर स्वस्त नळीस कमी लेखण्याचें कारण नाहीं.

कोणी म्हणेल, आपले पूर्वज कडुनिंबाची काडी चावीत, त्यांचें काय अडलें? काडीनें दांत स्वच्छ होतात हें मी नाकारीत नाहीं. परंतु पूर्वजांच्या ताटांत चॉकलेटें, बिस्किटें व बाटलींतील गोड पेयें नव्हतीं. मशेरीचें तर नांवच नको. ती भाजलेली तंबाखू होय, आणि दंतमंजनांत तंबाखू घालण्यास सरकारनें १९९२ सालींच बंदी केली आहे.

विद्यार्थिमित्रहो, उत्तम पेस्टहि आळशास तारीत नाहीं. सकाळीं व निजण्यापूर्वीं दांत घांसावे. पेस्ट थुंकून टाकावी, पण पाठोपाठ खळखळून चुळा भरूं नयेत. चिंचा, आवळे खाल्ल्यावर पाण्यानें चूळ भरून अर्धा तास थांबावें, मग ब्रश हातीं घ्यावा. पालकांनीं ध्यानांत ठेवावें कीं तीन वर्षांच्या आंतील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी, व सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

आजीला माठाचें थंड पाणी परत मिळवून देणें माझ्या हातीं नव्हतें. तुमचें दंतवल्क अजून शाबूत आहे. तेव्हां दुकानांत नळी हातीं आली कीं ती उलटी करून आधीं वाचा.