चार छोटे ग्लास आणि आडवी बाटली

हो, मी बिअरची चव घेतली. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात, पोटच्या लेकीसमोर बसून! आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण नाशिकच्या ज्या वस्त्यांमध्ये मी बचत गटांचं काम करते, तिथेच दारूच्या दुकानाविरुद्ध सह्या गोळा करत उन्हातान्हात हिंडलेही आहे. उद्या कुणी 'बाईंचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे' म्हणण्याआधी आपणच बोलावं, नाही का?

लेक पुण्यात नोकरी करते. तिच्या बोलण्यात हल्ली 'क्राफ्ट बिअर', 'टेस्टिंग', 'ब्रुअरी टूर' असे शब्द यायला लागले. मी फोनवर गप्प व्हायचे. माझं गप्प होणं तिला बरोबर कळायचं. एक दिवस वाजलंच. म्हणाली, "आई, तू न बघता मत बनवतेस. आम्हाला लहानपणी हेच करू नका म्हणून शिकवलंस ना? एकदा चल, मग काय बोलायचं ते बोल." आता यावर काय बोलणार? गेले.

मुंढव्याच्या बाजूची एक छोटी ब्रुअरी होती. माझ्या डोळ्यांसमोर बारचं जे चित्र होतं, मिणमिणता उजेड, धूर, कोपऱ्यात खाली मान घालून बसलेले पुरुष, त्यातलं तिथे काहीच नव्हतं. काचेपलीकडे चकचकीत स्टीलच्या टाक्या, एखाद्या दूध डेअरीसारख्या. आणि वास? ओल्या, भाजलेल्या धान्याचा! एक तरुण मुलगा सगळं समजावून सांगत होता. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. मी लेकीला म्हटलं, "अगं, हे तर आपलं नाचणी सत्त्वच!" मग ते भरडून गरम पाण्यात ठेवायचं, म्हणजे पिठाची साखर होते. गाळून, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट घालून आंबवायचं. एल प्रकारची बिअर साधारण विसेक अंश तापमानाला आठवड्याभरात आंबते, लागर मात्र थंडाव्यात कित्येक आठवडे घेते. उरलेला चोथा गुरांना जातो. इडलीचं पीठ थंडीत का फुगत नाही, हे जिला माहीत आहे, त्या कुठल्याही गृहिणीला हे सगळं पाच मिनिटांत कळेल.

मग टेबलावर लाकडी फळीत चार छोटे ग्लास आले. फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जायचं, आधी वास, मग घोट, मध्ये पाणी. पहिली गव्हाची. पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येत होता. पण त्यात ना केळं होतं ना लवंग, हा सगळा यीस्टचा खेळ. दुसरी बेल्जियन पद्धतीची, तिच्यात मात्र खरोखरच धने आणि संत्र्याची साल. तिसरी 'इंडिया पेल एल'. नाव इंडियाचं, पण इंग्लंडमधून जहाजांनी हिंदुस्थानात येणारी, गोऱ्या साहेबांसाठी. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून हॉप्स जास्त. मला ती कारल्याच्या काढ्यासारखी लागली! चौथी काळीभोर स्टाउट. करपेपर्यंत भाजलेल्या जवामुळे कॉफीची चव. खरं सांगते, चौथीच मला आवडली. चारही ग्लास मी अर्धेच ठेवले, पण आवडली हे खोटं कशाला बोलू?

लेकीने आणखी एक गंमत सांगितली. पुण्यात २००९ मध्ये अशी छोटी ब्रुअरी निघाली, तिचं नाव 'डूलाली'. हा इंग्रजी शब्द आला आमच्या नाशिकजवळच्या देवळालीवरून! तिथल्या छावणीत मायदेशीच्या जहाजाची वाट बघत बसलेले गोरे सैनिक कंटाळून, उष्म्याने सैरभैर होत, त्याला म्हणायचे 'डूलाली टॅप'. आणि हा टॅप म्हणजे आपला 'ताप'! इतकी वर्षं देवळालीच्या शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं.

बिअर हे मुळात बायकांचंच काम होतं, हेही तिथेच कळलं. प्राचीन सुमेरमध्ये बिअरची देवताच बाई, निनकासी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घरोघरी बायका एल गाळून विकायच्या. धंदा मोठा झाला, भांडवल आलं, तसा तो पुरुषांच्या हाती गेला. स्वयंपाकघर बाईचं आणि हॉटेल पुरुषाचं, तसंच हे!

इथपर्यंत सगळं छान. पण माझं लक्ष भिंतीवरच्या फळ्याकडे होतं. प्रत्येक बिअरच्या नावापुढे मद्यार्काची टक्केवारी लिहिलेली होती. मी लेकीला विचारलं, "मोठ्या ग्लासात किती जातं गं?" ती म्हणाली, "अगं बिअरच तर आहे." मग मी पर्समधून पेन काढलं. ५ टक्के बिअरचा ५०० मिलीचा ग्लास म्हणजे २५ मिली शुद्ध मद्यार्क. ४२.८ टक्के व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग म्हणजे साधारण २६ मिली. जवळजवळ तेवढंच! लेक गप्प. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलींनी तिसरा मोठा ग्लास मागवला होता. त्यांना कुणी 'तीन लार्ज व्हिस्की घेणार का' विचारलं असतं, तर त्या किंचाळल्या असत्या. त्यातून बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच मद्याचा परिणाम तिच्यावर जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं मद्याचं कुठलंच प्रमाण नाही. स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही त्यात आला. केळ्याचा वास आला म्हणून ते फळ होत नाही!

परत आल्यावर बचत गटाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवलंच होतं. क्षणभर शांतता. मग एक जण म्हणाली, "ताई, तुमच्या पोरीनं घेतली तर ती चव, अन् आमच्या माणसानं घेतली तर ती दारू. असं का वो?"

काय उत्तर देणार? तिचा नवरा आठवड्याची मजुरी दुकानात ठेवून येतो आणि घरी येऊन हात उचलतो. माझी लेक स्वतःच्या पगारातून चार घोट घेऊन रिक्षाने घरी जाते. फरक आहेच. पण तो ग्लासाच्या किमतीचा नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला महागड्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती दारू पिऊन चालवल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, तो मुलगा सतरा वर्षांचा. महाराष्ट्रात बिअरसाठीसुद्धा २१ वर्षं पूर्ण लागतात. आणि २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. त्यांच्यासमोर कुठला फळा होता? आपण काय पितोय हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

मला वाटतं, खरी गोष्ट इथेच आहे. आपल्याकडे दारू एक तर लपवायची किंवा मिरवायची. तिच्याबद्दल बोलायचं मात्र नाही. मुलगा प्यायला तर 'हल्ली चालतं', मुलगी प्यायली तर तिच्या संस्कारांची चौकशी. टेस्टिंगची फॅशन मला महत्त्वाची वाटत नाही, पण तिथली शिस्त मला आवडली. छोटा ग्लास, लिहिलेली टक्केवारी, मध्ये पाणी, सावकाश आणि अर्धा ठेवून उठण्याची मुभा. ही शिस्त मोठा ग्लास आला की संपते, हेही मी पाहिलं.

त्याच बैठकीत मी स्टीलच्या पेल्याने पाणी मोजून तो हिशेब बायकांना दाखवला. रमची १८० मिलीची एक क्वार्टर म्हणजे बिअरचे तसे तीन मोठे ग्लास. बायका अवाक् झाल्या. "एवढी पोटात जाते व्हय?" आता तो हिशेब त्या घरी मुलांना सांगतात.

आमची सह्यांची मोहीम थांबलेली नाही. कायद्याने मतदान मागायचा हक्क बायकांना दिला आहे. आडव्या बाटलीवर शिक्का मारण्याची वेळ आली, तर त्या रांगेत माझ्या बायकांबरोबर मी उभी असेन. लेकीलाही ते माहीत आहे. परवा तिचाच फोन आला, "आई, काल गेलो होतो. छोटाच ग्लास घेतला. मैत्रिणींना तुझा हिशेब सांगितला, तर एकीने पुढचा ग्लास रद्द केला."

मी काही तिला शाबासकी दिली नाही. पण या वेळी फोनवर गप्पही झाले नाही. तुम्ही तुमच्या मुलामुलींशी यावर शेवटचं कधी बोललात?