पदकावर मूर्ति कोणाची?

मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेंत असलेलें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें. २०२२ सालीं त्यास दीडशें वर्षें झालीं. २०४७ सालीं पावणेदोनशें होतील. त्या प्रसंगीं स्मारक-पदक काढावें, अशी आमची सूचना आहे. एवढ्या लवकर ही चर्चा कशाला, असें कोणी विचारील. परंतु त्याच वर्षीं स्वातंत्र्याची शताब्दि येत असल्यानें पदकांचा सुकाळ होणार. आणि घाईनें काढलेलें पदक व घाईनें जमविलेलें लग्न हीं दोन्हीं मागाहून निस्तरावीं लागतात.

आरंभीं या संस्थेस व्हिक्टोरिया राणी व तिचा पति यांचें नांव होतें. १९७५ सालीं तें बदलून, ती उभारण्यासाठीं झटलेल्या भाऊ दाजींचें दिलें, हें योग्यच झालें. तेव्हां छापाच्या बाजूस भाऊ दाजी असावे, यांत वाद नाहीं. वाद काट्याच्या बाजूचा आहे. तेथें इमारतीचा दर्शनी भाग किंवा अधिकाऱ्यांची नामावळी घालण्याचा मोह होईल, तो आवरावा. शिल्पकार प्रथम मोठा नमुना घडवितो, मग यंत्रानें तो लहान करून पोलादी ठशावर उतरवितात. मोठ्या नमुन्यांत शोभणाऱ्या कमानी व खिडक्या दोन-अडीच बोटांच्या तबकडीवर नुसता खरखरीतपणा होऊन राहतात.

मग तेथें काय असावें? नाना धंद्यांच्या लोकांच्या मातीच्या प्रतिकृति हें या संग्रहालयाचें वैशिष्ट्य. वस्तूवर कारागिराचें नांव घालण्याची चाल आपल्याकडे विरळाच; दात्याचें मात्र संगमरवरावर कोरतात. आमच्या मतें त्या बाजूस माती घडविणारे दोन हात असावे व खालीं देवनागरींत सालें. पदक घडविणाऱ्याचें नांवही त्यावर असावें. पंधराव्या शतकांत इटलींतील पिसानेल्लोनें राजेरजवाड्यांच्या पदकांवर आपलें नांव घातलें. त्यामुळें त्या राजांचा मान कमी झाला नाहीं.

शेवटीं वांटणीविषयीं. मान्यवरांस सोन्याचें पदक आणि सामान्यांस छापील पत्रक, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. लोकांच्या वर्गणीचा हातभार ज्या संस्थेस लागला, तिचें पदक तांब्याचें असावें, खर्चापुरत्या किंमतींत कोणासही मिळावें, आणि शहरांतील प्रत्येक म्युनिसिपल शाळेंत एक तरी पोंचावें. सराफकट्ट्याशीं व्यवहार असलेल्या आमच्या वाचकांस सोन्याचा कस पारखतां येतो. पदकाचा कस मात्र धातूवरून ठरत नाहीं. तें कोणाची आठवण ठेवतें, यावरून ठरतो.