पाच डॉलरचा मिल्कशेक

'पल्प फिक्शन'चा (१९९४) विषय निघाला की निम्म्या लोकांना एवढंच आठवतं: उमा थर्मन, जॉन ट्रॅव्होल्टा, त्यांचा तो ट्विस्ट आणि 'जॅक रॅबिट स्लिम्स' हे भन्नाट हॉटेल. पुढचं वाक्य ठरलेलं, "असं एखादं आपल्याकडे पाहिजे राव!"

मंडळी, जरा थांबा. टॅरँटिनोने ते हॉटेल जाहिरातीसाठी नाही, टिंगल करायला उभारलंय! कापलेल्या मोटारींची बाकडी, भिंतीभर पोस्टरं... १९५०चं अख्खं दशक विकायला काढलंय. ऑर्डर घेतो कोण, तर बडी हॉली. खरा हॉली १९५९ साली, बाविसाव्या वर्षी विमान अपघातात गेला. इथला त्याचा डुप्लिकेट (स्टीव्ह बुशेमी) नोकरीला पार कंटाळलाय. १९६२ साली गेलेली मेरिलिन मन्रोही इथे वेट्रेस. मेल्यावरही सुटका नाही बिचाऱ्यांची.

आणि मेनू? मिया शेक मागवते तेव्हा वेटर विचारतो, 'मार्टिन अँड लुईस' की 'अमॉस अँड अँडी'? हे वाक्य आपण ऐकून न ऐकल्यासारखं करतो. मार्टिन-लुईस ही गोरी विनोदी जोडी. 'अमॉस अँड अँडी' हा १९२८ साली सुरू झालेला रेडिओ कार्यक्रम. त्यात दोन गोरे नट काळ्या माणसांचे आवाज काढून लोकांना हसवायचे. १९५१ साली तो टीव्हीवर आला तेव्हा कृष्णवर्णीयांच्या 'एनएएसीपी' या संघटनेने जाहीर निषेध केला. थोडक्यात, व्हॅनिला की चॉकलेट हे विचारायची ही तऱ्हा. आता बोला!

ज्या गाण्यावर ट्विस्ट चालतो ते चक बेरीचं, १९६४चं. त्याच वर्षी अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला आणि हॉटेलात वर्णावरून गिऱ्हाईक नाकारणं बेकायदा ठरलं. त्याआधी दक्षिणेतल्या कित्येक हॉटेलांत काळ्या माणसाचं गाणं चालायचं, माणूस नाही. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोत वूलवर्थच्या काउंटरवर चार काळे विद्यार्थी बसले, तर त्यांना साधी कॉफी दिली नाही.

"अरे, सिनेमा एन्जॉय कर ना, इतिहास कशाला?" मान्य, मलाही तो सीन प्रचंड आवडतो. पण आवडतो तो त्या मेनूसकट. रेट्रोवाले जुक-बॉक्स ठेवतात आणि काउंटरवरून उठवलेली माणसं गाळतात. टॅरँटिनोने निदान मेनूत खूण ठेवली. आपण ती न वाचताच म्हणतो, काय सुंदर दिवस होते!

कोणाचे, तेवढं विचारा.