नागीण तोफेचा पल्ला

ओम राऊत यांनीं दिग्दर्शित केलेला 'तान्हाजी' हा हिंदी चित्रपट २०२० च्या जानेवारींत लागला, तेव्हां दादरला जाऊन तो पाहणाऱ्यांत आम्हीही होतों, व काळोखांत टाळ्याही वाजविल्या होत्या. परवां रविवारीं आमच्या गिरगांवांतील घरीं लहानथोर सारे दूरचित्रवाणीपुढें बसून तोच चित्रपट पुन्हां पाहत होतों. उदयभानानें कोंढाण्यावर चढविलेली 'नागीण' तोफ राजगडावर रोखली गेली, तोंच नातवानें विचारलें, "आजोबा, तिथून गोळा राजगडापर्यंत पोंचतो?"

प्रश्न साधा, पण आमची पंचाईत झाली. नकाशा काढला. दोन्ही गडांमधील अंतर सरळ रेषेनें सुमारें १५ किलोमीटर भरतें. स्वच्छ हवेंत सिंहगडावरून राजगड दिसतो खरा. परंतु दृष्टीचा पल्ला निराळा व तोफेचा निराळा. सतराव्या शतकांतील मोठ्या तोफेचा गोळा दोन-तीन किलोमीटर गेला तरी पुष्कळ.

कोणी म्हणतील, करमणुकींत एवढी चिकित्सा कशाला? अमेरिकन मंडळी तरी काय करतात? जॉन फोर्ड यांच्या १९५६ सालच्या 'द सर्चर्स' या चित्रपटाची कथा टेक्ससमधली, आणि डोंगर दिसतात ते यूटा-ॲरिझोनाच्या सीमेवरील मॉन्युमेंट व्हॅलीचे! संवाद, गाणीं, पोशाखांची झळाळी, एवढी मुभा आम्हांसही मान्य आहे. पण येथें भूगोल चुकतांच कारणही बदलतें. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत जे २३ किल्ले मोंगलांस द्यावे लागले, त्यांत कोंढाणा होता. पुण्याच्या मुलुखावर नजर ठेवणारा असा गड शत्रूच्या हातीं राहूं देणें परवडण्याजोगें नव्हतें. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे कडा चढले, ते गेलेलें परत मिळविण्यासाठीं. राजगडावर रोखलेली तोफ बंद पाडण्यासाठीं नव्हे. मध्यें ती तोफ आणली कीं, महाराजांनीं विचारपूर्वक केलेला बेत म्हणजे केवळ जीव वाचविण्याची धांवपळ होऊन बसते. आमची तक्रार एवढीच.

अर्थात् भर घालण्याची खोड चित्रपटांपासूनच लागली असें नाहीं. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यांतील यशवंती घोरपड सभासदाच्या बखरींत सांपडत नाहीं. तेथें मावळे वानरांसारखे कडा चढतात. आणि 'सिंहगड' हें नांव तानाजींच्या मृत्यूनंतर पडलें, असें आपण मुलांस पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलों, तेंही टिकत नाहीं. महाराजांच्या १६६३ सालच्या एका पत्रांतच तें नांव आलें आहे. हें सांगतांच आमच्या वडीलबंधूंनीं पानें वाढेपर्यंत आमच्याशीं बोलणें टाकलें!

नातवास सुट्टींत सिंहगडावर नेण्याचें आम्ही कबूल केलें आहे. पश्चिमेकडील तानाजी कडा त्याला दाखवावयाचा आहे. तेथून राजगड नैर्ऋत्येस दिसावा, असें त्यानें नकाशावर दोरा ताणून आतांच ठरवून ठेविलें आहे.