निकाल खासदाराचा, गाव थांबतं बूथच्या आकड्यासाठी

७ मे २०२४, मंगळवार. लोकसभेच्या तिसऱ्या टप्प्यात बेळगाव आणि चिकोडी, पलीकडं कोल्हापूर, हातकणंगले, सांगली, घाटाखाली गोव्याच्या दोन्ही जागा आणि लांब तिकडं बडोदा नि ग्वाल्हेर, इतक्या ठिकाणच्या मराठी माणसाच्या बोटाला एकाच दिवशी शाई लागली. (शाई मात्र सगळीकडं कर्नाटकाचीच. १९६२ च्या निवडणुकीपासून ती म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून देशभर जाते.) इंदूर आणि हैदराबादचं मतदान १३ मेला झालं. निकाल सगळ्यांचा एकच, ४ जून. म्हणजे सीमाभागाला बरोबर चार आठवडे वाट बघायची होती.

विधानसभेला अशी वाट बघावी लागत नाही. २०२३ मध्ये १० मेला मतदान झालं आणि १३ मेला गुलाल उडाला. तीन दिवसांत माणूस तर्क करतो, पैज लावतो आणि मोकळा होतो. अठ्ठावीस दिवसांत मात्र तर्काचा हिशेब होतो. तो हिशेब राज्याचा किंवा देशाचा फारसा नसतो. गावातला माणूस कोण जिंकणार हे विचारतो खरं, पण त्याला मनातून दुसरंच कळून घ्यायचं असतं: आपल्या बूथला कुणाला किती पडली? या प्रश्नाकडं दिल्ली-बेंगळूरचे विश्लेषक बघत नाहीत. सीमाभागातली निवडणूक मात्र त्याच्याशिवाय समजत नाही.

मतदानाच्या दिवसापासूनच बघा. सात वाजता मतदान सुरू होतं, पण एजंटांना साडेपाचलाच हजर राहावं लागतं. सगळ्यांसमोर किमान पन्नास मतांचं अभिरूप मतदान होतं, ती मतं पुसली जातात, यंत्राला सील लागतं. मे महिन्याचं ऊन, त्यामुळं शहाणी माणसं नवाच्या आत उरकून घेतात. बायकांची रांग सकाळी लांब असते, दुपारी शाळेचं आवार ओस पडतं आणि चारनंतर पुन्हा लगबग सुरू होते. दोनशे मीटरबाहेर उमेदवारांची टेबलं, त्यावर मतदार यादी आणि चिठ्ठ्या. टेबलावरचा पोरगा प्रत्येक नावापुढं खूण करतो. कोण आलं, कोण राहिलं, पुण्याहून कोण यायचं आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. पंच्याऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा यावेळी घरूनच मत देऊ शकले. तरी अनेकांना केंद्रावर यायचंच होतं, कारण चार ओळखीची माणसं तिथंच भेटतात.

सीमाभागात या दिवसाला आणखी एक पदर आहे. घर एका राज्यात आणि पोट दुसऱ्या राज्यात. निपाणीची माणसं कागल-कोल्हापूरच्या कारखान्यांत, खानापूरची गोव्यातल्या हॉटेलांत आणि बांधकामांवर. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५-ब सांगतं की मतदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची, रोजंदारीवाल्यालासुद्धा. कागदावर हे छान आहे. २०२३ ला गोवा सरकारनं कर्नाटकातल्या मतदानासाठी १० मेची भरपगारी सुट्टी जाहीर केली, तेव्हा शेजारच्या राज्याची निवडणूक आणि भुर्दंड आम्हाला का, अशी तिथल्या उद्योजकांची तक्रार होती. २०२४ ला दोन्हीकडं एकच तारीख आली, त्यामुळं वादच उरला नाही. पण गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला त्या दिवसाची मजुरी कोण देतं? तो स्वतःच्या खर्चानं येतो, खाडा सोसतो आणि रात्रीच्या गाडीनं परत जातो. त्याच्या मताची किंमत उमेदवाराआधी त्यानं स्वतःच मोजलेली असते.

संध्याकाळी सहाला दार बंद होतं. रांगेत असलेल्यांना टोकन मिळतं, शेवटचं मत पडतं आणि केंद्राध्यक्ष नमुना १७-क भरून त्याची प्रत एजंटांना देतो. या यंत्रात एकूण किती मतं पडली, एवढंच त्यावर असतं. एवढाच कागद घेऊन एजंट घरी येतो आणि तिथून गावाचं गणित चालू होतं. आठशे पडली. अमक्या गल्लीची दोनशे तिकडं गेली असणार. पाहुणे मंडळी आपलीच. राहिलेल्यांत निम्मी धरा. रात्री कट्ट्यावर हा हिशेब चार वेळा होतो आणि चार वेळा वेगळा येतो.

पुढचे दिवस लग्नसराईचे. मांडवात, एसटीत, सलूनमध्ये, दूध डेअरीच्या रांगेत एकच वाक्य ऐकू येतं, ‘काय म्हणतंय वातावरण?’ कोंबड्यापासून बुलेटपर्यंत पैजा लागतात. मे संपत आला की खानापूर-बेळगावच्या भातशेतीत धूळवाफ पेरणीची घाई सुरू होते आणि निवडणूक थोडी मागं पडते. मागं न पडणारी गोष्ट म्हणजे आचारसंहिता. १६ मार्चला लागली ती ६ जूनला उठली. त्याआधीच्या वर्षी पावसानं दगा दिला होता, कर्नाटकानं बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर केले होते, आणि अशा उन्हाळ्यात नवीन काम जाहीर करायला बंदी. ज्या गावच्या पाण्याच्या कामाचा कागद मार्चमध्ये अडकला, त्या गावासाठी चार आठवड्यांची वाट म्हणजे निव्वळ उत्सुकता नव्हती.

१ जूनच्या संध्याकाळी शेवटचा टप्पा संपला आणि एक्झिट पोलवाले टीव्हीवर आले. त्याआधी ते दाखवायला कायद्यानंच मनाई असते. आकडे साडेतीनशे, चारशेच्या गोष्टी करत होते. प्रत्यक्षात भाजप २४० वर आणि आघाडी २९३ वर थांबली. पण चॅनेलवाले चुकले हा इथला मुद्दा नाही. ते बरोबर आले असते तरी कडोलीच्या किंवा येळ्ळूरच्या माणसाला त्यातून काय मिळालं असतं? सीमाभाग कुठल्याच सर्वेक्षणात एकसंध दिसत नाही, कारण तो एका मतदारसंघात नाहीच. बेळगाव शहर आणि ग्रामीण बेळगाव लोकसभेत, निपाणी आणि यमकनमर्डी चिकोडीत, तर खानापूर उत्तर कन्नडमध्ये. खानापूरकराची तऱ्हाच वेगळी. बेळगावच्या मतमोजणीला आरपीडी कॉलेजसमोर जाऊन उभं राहता येतं. खानापूरच्या मतांची पेटी मात्र घाट उतरून कुमठ्याला गेलेली असते.

४ जूनला सकाळी आठला टपाली मतं आणि अर्ध्या तासानं यंत्रं. एका फेरीत साधारण चौदा टेबलं, म्हणजे चौदा बूथ. टीव्हीवर दिसतो तो मतदारसंघाचा लीड. टेबलाशी बसलेला मोजणी एजंट मात्र बूथ क्रमांक आणि पुढचा आकडा वहीत उतरवतो. ज्या बूथवर पन्नास दिवस राबलो, तो आकडा आधी. खासदार कोण झाला हे गावाला दुपारी कळतं, गावानं काय केलं हे त्याआधीच पोचलेलं असतं.

त्या दिवशी बेळगावात जगदीश शेट्टर १ लाख ७८ हजारांनी जिंकले, चिकोडीत प्रियांका जारकीहोळी ९० हजारांनी, उत्तर कन्नडात विश्वेश्वर हेगडे-कागेरी तीन लाखांहून अधिक मतांनी. शेजारी कोल्हापूरनं शाहू छत्रपतींना दीड लाखाचा लीड दिला, तर हातकणंगले आणि दक्षिण गोवा तेरा-साडेतेरा हजारांवर लटकत गेले. हातकणंगल्यात एकेका गावाचा आकडा निर्णायक ठरू शकत होता. बेळगावात पावणेदोन लाखांचा फरक असताना एखाद्या बूथच्या दीडशे मतांनी काहीच बदललं नसतं. तरीही चर्चा त्या दीडशेचीच झाली.

इंदूरचं उदाहरण इथं आठवतं. काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागं घेतल्यावर तिथं कोण जिंकणार हे मतदानाआधीच ठरलं होतं. तरी लोकांनी निकालाची वाट बघितली, कारण त्यांना ‘नोटा’चा आकडा बघायचा होता. तो २ लाख १८ हजार ६७४ निघाला. विजेता माहीत असला तरी आपलं म्हणणं मोजलं जातंय का, हे माणसाला बघायचं असतं. त्यात गैर काही नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा मोजणारा आपल्या दाराशी राहत असतो.

गुप्त मतदान म्हणजे कुणी कुणाला मत दिलं हे कळू नये. व्यक्तीचं कळत नाही, हे खरं. पण २०२४ मध्ये एका केंद्राला जास्तीत जास्त पंधराशे मतदार होते. भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांसाठीच्या केंद्रांवर त्याहून कितीतरी कमी. अशा ठिकाणी भावकी, गल्ली, समाज आणि यादीवरच्या खुणा जुळवल्या की उरतं काय? शिवाय केंद्रनिहाय आकडे नमुना २० मध्ये रीतसर जाहीर होतात, कुणालाही बघता येतात. मग ‘तुमच्या वॉर्डानं आम्हाला मतं दिली नाहीत’ हे वाक्य गटारीच्या कामापासून बोअरवेलपर्यंत पाच वर्षं पुरतं. हे उघडपणे कुणी लिहून देत नाही, त्यामुळं त्याची तक्रारही कुठं होत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. मतपत्रिकांच्या काळात गरज असेल तिथं अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजायची तरतूद नियमात होती. यंत्रं आली आणि मिसळणं संपलं. म्हणून निवडणूक आयोगानं २००८ मध्ये ‘टोटलायझर’ सुचवला. चौदा यंत्रं एकत्र जोडायची आणि बेरीजच तेवढी दाखवायची. मार्च २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात कायदा आयोगानंही त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारनं मात्र सर्वोच्च न्यायालयात नकार कळवला. बूथनिहाय आकडे कळले तर कुठं जास्त काम करायला हवं हे पक्षांना समजतं, असा त्यामागचा युक्तिवाद. जिथं मतं कमी पडली तिथं जास्त काम होतं, असं एखादं गाव युक्तिवाद करणाऱ्यांनी दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी बाजूही आहे आणि ती हलकी नाही. केंद्रनिहाय आकडा हाच सामान्य एजंटाच्या हातातला पुरावा असतो. १७-क वर ८१२ आणि मोजणीला ८१२, हे जुळलं की तो निवांत होतो. सगळं एकत्र मिसळलं तर ही पडताळणी मतांच्या एकूण संख्येपुरतीच राहील. यंत्रांवरचा संशय वाढलेल्या काळात लोक ती सहज सोडणार नाहीत. तरीही तराजूत टाकायचं तर गुप्ततेचं पारडं जड धरायला हवं. एकूण मतांची जुळणी टोटलायझर आला तरी करता येते. वाडीवर धरलेला डूख मात्र कुठल्याच नमुन्यात भरून परत घेता येत नाही.

मराठी गावांना हा आकडा दुहेरी लागतो. एक हिशेब जिंकलेला आमदार-खासदार ठेवतो, दुसरा आपलीच माणसं. २०१३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे बेळगाव दक्षिण आणि खानापुरात दोन आमदार होते. २०१८ ला एकही नाही, २०२३ ला एकही नाही. मधेच २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवारानं १ लाख १७ हजार मतं घेतली, आणि विजय ठरला अवघ्या ५ हजार २४० मतांनी. या चढउतारानंतर प्रत्येक निकालाला एकच खल होतो, ‘मराठी मतं गेली कुठं?’ मग बूथची यादी निघते, अमक्या गावानं दगा दिला, तमक्यानं राखली, असे शिक्के मारले जातात.

हा खल आकड्यांशी प्रामाणिक नाही. बूथच्या आकड्याला भाषा नसते. एकाच केंद्रावर मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी घरं असतात. तोच मतदार पोटनिवडणुकीत सीमाप्रश्नासाठी बटण दाबतो, तीन वर्षांनी दिल्लीसाठी दुसरं, आणि विधानसभेला रस्ता कोण करतो ते बघून तिसरं. त्याच्या मराठीपणात यानं काही कमी होत नाही. १९९६ ला याच बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते, मतपत्रिकेची पोथी झाली होती. सीमाप्रश्न देशासमोर आणण्याचा तो मार्ग होता. त्याच वर्षी लोकसभेचं डिपॉझिट ५०० वरून १० हजार रुपये झालं, आज २५ हजार आहे. निषेध नोंदवायचे मार्ग महाग होत गेले तसा सगळा भार मतदाराच्या एका बटणावर आला, आणि ते बटण कुठं दाबलं याचा अंदाज बांधणारे मात्र वाढले.

२०२५ मध्ये आयोगानं एका केंद्रावरच्या मतदारांची कमाल मर्यादा पंधराशेवरून बाराशेवर आणली. रांगा कमी व्हाव्यात हा हेतू, आणि मेच्या उन्हात दोन तास उभ्या राहिलेल्या बाईला तो नक्कीच पटेल. पण केंद्र लहान झालं की त्याच्या आकड्यामागचे चेहरे ओळखणं सोपं होतं, आणि त्या निर्णयाबरोबर टोटलायझरचा विषय कुणी पुन्हा काढलेला नाही.